खेळांचा बखरकार

आखाजीच्या दुपारी पिंप्राळ्याच्या घरी मी जोसेफ स्ट्रटचा ग्रंथ वाचावयास घेतला, यात योजना काही नव्हती. पण बाहेर निंबाला झोका नाही, ओट्यावर फुगडी नाही, आणि हातात मात्र परक्या देशाच्या खेळांचे पुस्तक, हा योग मनाला लागला खरा. त्या बोचणीतूनच हे टिपण लिहीत आहे.

‘इंग्लंडच्या लोकांचे खेळ व करमणुकी’ हा ग्रंथ १८०१ साली निघाला आणि पुढच्याच वर्षी स्ट्रट वारला. तो धंद्याने खोदचित्रकार. जुन्या हस्तलिखितांच्या समासांत कुणी भिक्षूने वा चित्रकाराने गमतीने काढलेली माणसे त्याने वेचली, ताम्रपटावर उतरविली आणि त्यांच्याभोवती मजकूर रचला. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातील १३४४ सालच्या पोथीतली दांडू-चेंडूची चित्रे त्याने अशीच उजेडात आणली. ग्रंथाचे भाग चार : बड्या लोकांची शिकार व शर्यती, सामान्यांचे मैदानी खेळ, शहरांतले तमाशे, आणि शेवटी घरगुती व मुलांचे खेळ. मानाचे पान आधी उमरावाला आणि पोराबाळांना पंगतीच्या शेवटी, हा त्याचा पहिला दोष.

दुसरा दोष असा की, हा गृहस्थ पुष्कळदा पोथीतूनच पाहतो. म्हणून जेथे तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले सांगतो, तेथे पान एकदम जिवंत होते. ब्रिटिश म्युझियमच्या मागच्या मोकळ्या शेतांत आयरिश मंडळी हर्लिंग खेळत, हे तो आठवणीने सांगतो. ती शेते आज नाहीत. त्या दोनचार ओळींत मात्र ती अजून हिरवी आहेत.

विटीदांडूसारखा ‘टिपकॅट’ त्याने वर्णिला आहे. दोन्ही टोकांना निमुळती विटी, टोकावर टोला मारून ती उडवावयाची आणि हवेतच फटकावयाची. हे वाचताना मला आमची मोजणी आठवली : वकट, लेंड, मूंड, नाल. तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु यांच्याशी हिचे नाते उघड दिसते. मराठी पोराच्या तोंडी ही मोजणी कुठल्या वाटेने आली? स्ट्रट येथे असता तर खेळाच्या नियमांआधी त्याने हाच प्रश्न विचारला असता.

आपल्याकडे या तोडीचा उद्योग झालाच नाही, असे नव्हे. बडोद्याहून द. चिं. मजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड काढले. एवढ्या चिकाटीपुढे मान लवते. पण दोघांचे हेतू निराळे. मजुमदारांना शरीर घडवावयाचे होते, स्ट्रटला लोक ओळखावयाचे होते. लोकांचा स्वभाव त्यांच्या करमणुकीत कळतो, ही त्याची धारणा. म्हणून बैलावर कुत्रे सोडण्याचा रानटीपणा त्याला मनापासून नावडतो, तरी तो लिहितो. फाशांचा जुगारही लिहितो. जे आवडत नाही तेही टिपून ठेवणे, हा बखरकाराचा धर्म तो पाळतो.

ज्या खेळांना नियमांची चौकट मिळाली ते तगले. हुतुतूची कबड्डी झाली, आणि १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने ती बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी दाखविली. पण आखाजीला मैदानाचे माप कसे बसावे? माझी फुई सांगे, नाल्याच्या दोन काठांवर दोन बाजूंच्या सासुरवाशिणी उभ्या राहत आणि एकमेकींना मनसोक्त शिव्या देत. प्रसंगी दगडही सुटत. वर्षभर सासरी मिटलेले तोंड त्या एका दिवशी उघडे. आणि त्याच दिवशी पुरुष पत्ते कुटत बसत. आमचे एक वावर त्यातच गेले. व्यायामाच्या ग्रंथात या गोष्टींना जागा नसणे न्याय्यच आहे. पण मग त्यांची जागा कोणती?

काही जागा कवितेने दिली. शेजारच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांच्या ‘आखाजी’त माहेरवाशिणीचा झोका आहे. स्ट्रटच्या ग्रंथातली बाई बहुधा प्रेक्षक आहे. बहिणाबाईंची बाई स्वतः खेळते. पण कवितेने झोका राखला, शिव्या राखल्या नाहीत.

ग्रंथाने खेळ वाचत नाही, हे स्ट्रटही सिद्ध करतो. त्याने लिहिलेल्यांपैकी कित्येक खेळ आज फक्त त्याच्या पानांत आहेत. तरीही त्याने लिहिले हे बरे झाले, असेच मी म्हणेन. आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ आजही निघतो आणि चाकाखाली मोगरी सारणारे हात आजही दिसतात. गाव जळगाव शहरात मिसळले, तरी ते हात टिपावयास अजून वेळ आहे. फुईच्या शिव्या मात्र मी वेळीच लिहून घेतल्या नाहीत. लहानपणी लाज वाटली, मोठेपणी फुई राहिली नाही. स्ट्रटचा ग्रंथ मिटताना त्याचे दोष विसरलो आणि स्वतःचा हा एक तेवढा आठवत राहिला.