शेजारच्यानं कोच बदलला की आपल्या पोटात गोळा का येतो?

रेलिगेशनच्या, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये ढकललं जाण्याच्या भीतीत असलेल्या संघाचा चाहता दर आठवड्याला दोन निकाल बघतो. एक आपला, आणि दुसरा पॉइंट टेबलवर आपल्याला खेटून बसलेल्या संघाचा. त्या दुसऱ्या संघानं कोच काढून नवा आणला की प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. पहिला गट हसतो: 'घाबरले, आता यांचं संपलं.' दुसरा गट स्वतःच घाबरतो: 'झालं, आता हे लागोपाठ चार मॅच काढणार.' तिसरा आपल्याच मालकांवर चिडतो: 'त्यांनी हिंमत केली, आपले कधी करणार?' आमच्या होस्टेलवर इंग्लिश फुटबॉल बघणारी जी आठ-दहा पोरं आहेत, त्यांच्यात हे तिन्ही गट सापडतात.

आज ज्या रिसर्च पेपरबद्दल लिहितोय, तो या तिघांचीही तोंडं बंद करायला वापरला जातो. माझं मत आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या गटाला हा पेपर चांगलं उत्तर देतो, तिसऱ्याला अर्धं देतो. पण त्याच्या नावावर 'कोचनं काही फरक पडत नाही' असं जे खपवलं जातं, ते त्यात सिद्ध झालेलं नाही.

आधी आपल्याकडची गोष्ट

२०१६-१७ ची आय-लीग घ्या. दहा संघ, प्रत्येकाचे १८ सामने. त्यात कूपरेजवर खेळणारी मुंबई एफसी होती. २००९ पासून खालिद जमील तिचे कोच होते. बजेट बेताचं, खेळ फार देखणा नाही, पण संघ दर वर्षी टिकायचा. २०१६ मध्ये जमील गेले आणि संतोष कश्यप आले. मुंबईनं पहिले दोन सामने जिंकले आणि मग गाडी घसरली ती घसरलीच. हंगाम अर्धा सरल्यावर कश्यप यांच्या जागी स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन आले.

त्याच हंगामात गोव्याचा चर्चिल ब्रदर्सही खाली अडकला होता. त्यांनी आल्फ्रेड फर्नांडिस यांच्या जागी डेरिक परेरा यांना आणलं. पुणे एफसीमुळे परेरा महाराष्ट्रातल्या फुटबॉलवाल्यांना चांगलेच ओळखीचे. शेवटी काय झालं? चर्चिल वाचला. मुंबई तळाला राहून खाली गेली आणि पुन्हा आय-लीगमध्ये दिसली नाही.

ही गोष्ट कुणालाही सांगा, निष्कर्ष तयार असतो: चर्चिलनं बरोबर माणूस आणला, मुंबईनं चुकीचा. पण ब्रुझोन यांनीच पुढे बांगलादेशात बशुंधरा किंग्जला अनेकदा लीग जिंकून दिली. माणूसच चुकीचा होता म्हणावं, तर हे कुठं बसवायचं? दोन संघ, दोन बदल, दोन वेगळे शेवट. एवढ्यावरून काहीही सिद्ध करता येतं, म्हणजे खरं तर काहीच सिद्ध होत नाही.

पेपर काय म्हणतो

यान फान ऑर्स आणि मार्टिन फान टाउल या दोन डच अर्थशास्त्रज्ञांचा हा पेपर २०१६ मध्ये 'इकॉनॉमिक इन्क्वायरी' या जर्नलमध्ये आला. त्यांनी नेदरलँड्सच्या वरच्या डिव्हिजनचे १४ हंगाम घेतले आणि हंगामाच्या मध्येच कोच काढल्यावर संघाचं काय झालं ते पाहिलं.

वरवर पाहिलं तर चाहत्यांची भीती खरीच निघते: कोच बदलल्यावर निकाल सुधारतात. पण शेतकी कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेलं पोरगंसुद्धा इथं विचारेल, 'कंट्रोल प्लॉट कुठाय?' या पेपरची खरी कमाई तिथंच आहे. कोच काढला तेव्हा संघ अपेक्षेपेक्षा किती खाली गेला होता, हे त्यांनी सट्टेबाजांच्या भावांवरून मोजलं. सामना अवघड की सोपा, हे त्या भावात आधीच धरलेलं असतं, म्हणून ही मोजपट्टी नुसत्या पॉइंटांपेक्षा चांगली. मग त्यांनी तेवढीच घसरण झाली, पण कोच काढला नाही, अशी उदाहरणं शोधली. तिथं काय झालं? तिथंही निकाल सुधारले, आणि साधारण तेवढेच.

याला आम्ही 'सरासरीकडे परतणं' म्हणतो. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीचे आकडे मांडून हे दाखवलं होतं. फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सरासरीनं आईबापांइतकी नसतात. टोकाच्या मोजमापात थोडा नशिबाचा वाटा असतो आणि पुढच्या वेळी नशीब तितकंच साथ देत नाही. वाईट टोकालाही हेच लागू. कोचला बहुतेक वेळा संघ सर्वांत खोल खड्ड्यात असतानाच काढतात. तिथून पुढचा रस्ता बऱ्याचदा वरच जातो, गाडी कुणीही चालवो.

राहुरीकडच्या कांदावाल्याला हे फार समजवावं लागत नाही. कांद्याची पात पिवळी पडली, ढगाळ हवामान आहे, करपा वाढतोय. माणूस घाबरून दुकानातून महागडं टॉनिक आणून मारतो. आठवड्यात आभाळ निवळतं, मुळा कालव्याचं आवर्तन सुटतं, पात हिरवी होते. श्रेय कुणाला? टॉनिकला. शेजारच्यानं काहीच मारलं नाही आणि त्याचाही कांदा सुधारला, हे बांधावर जाऊन कोण बघतं? पुढच्या वर्षी दोघंही टॉनिक आणतात.

पॅलेसचे दहा सामने

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मला इंग्लंडच्या २०२२-२३ च्या प्रीमियर लीगमध्ये दिसतं. क्रिस्टल पॅलेस २०२३ मध्ये लीगचे ११ सामने खेळून एकही जिंकला नव्हता. १७ मार्चला पॅट्रिक व्हिएरा यांना काढलं. काही दिवसांत ७५ वर्षांचे रॉय हॉजसन परत आले आणि त्यांनी शेवटच्या दहा सामन्यांत पाच विजय, तीन बरोबरी अशी १८ पॉइंटांची कमाई केली. खाली अडकलेल्या बाकी संघांच्या चाहत्यांची झोप उडाली असेल तर नवल नाही.

आता वेळापत्रक उघडा. व्हिएरांच्या त्या ११ सामन्यांपैकी दहा अशा संघांशी होते जे शेवटी पहिल्या नऊमध्ये आले. आणि हॉजसन यांचे दहा? त्यांतले आठ अशा संघांशी होते जे शेवटी १३ ते २० या जागांवर राहिले. म्हणजे तळाचे आठही संघ हॉजसन यांच्याच वाट्याला आले. हॉजसन यांनी काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. लीड्सला त्यांच्याच मैदानात ५-१ हरवणं वेळापत्रकानं होत नाही. पण भावांची मोजपट्टी का लागते, ते इथं कळतं.

त्याच हंगामात लीड्सनं चार सामने उरले असताना सॅम अॅलर्डाइस यांना आणलं. एक पॉइंट मिळाला आणि संघ खाली गेला. एव्हर्टननं शॉन डाइच यांना आणलं आणि तो वाचला. नॉटिंगहॅम फॉरेस्टनं स्टीव्ह कूपर यांना ठेवलं आणि तोही वाचला. ज्याला जे सिद्ध करायचंय, त्यासाठी एक संघ तयार आहे.

माझे आक्षेप

इथवर मी पेपरच्या बाजूनं आहे. आता तीन अडचणी.

पहिली: कंट्रोल प्लॉट चिठ्ठ्या टाकून ठरलेला नाही. आमच्या ट्रायलमध्ये कोणत्या प्लॉटला कोणती ट्रीटमेंट हे रँडम ठरतं, म्हणून तुलना चालते. फुटबॉलमध्ये कोच ठेवायचा की काढायचा, हे मालक ठरवतो आणि त्याच्याकडे आपल्याला न दिसणारी माहिती असते. मुख्य स्ट्रायकर दुखापतीतून परत येतोय, ड्रेसिंग रूम अजून कोचबरोबर आहे, हे त्याला ठाऊक असतं. म्हणजे जिथं कोच ठेवला, तिथं सुधारणा मुळातच जास्त शक्य असेल. तसं असेल, तर 'दोन्हीकडे सारखीच सुधारणा' याचा अर्थ उलटा होतो: जिथं बदल केला तिथं परिस्थिती जास्त बिकट होती आणि नव्या कोचनं खरंच काहीतरी भर घातली. ही शक्यता पेपर पूर्णपणे मिटवू शकत नाही.

दुसरी: सरासरी परिणाम शून्य म्हणजे प्रत्येक परिणाम शून्य नव्हे. एक वाण हलक्या जमिनीत दोन क्विंटल जास्त देतं आणि भारी जमिनीत दोन क्विंटल कमी. सरासरी काढली तर 'वाणानं फरक पडत नाही'. शेतकऱ्याला हे सांगून बघा!

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: पेपरनं फक्त हंगामाच्या मधले बदल तपासलेत. कोचचं काम प्रामुख्यानं हंगामाआधी होतं. खेळाडू निवडणं, सराव बसवणं, कोण कुठं खेळणार ते ठरवणं. मधेच आलेल्या माणसाच्या हातात दुसऱ्यानं पेरलेलं पीक असतं.

इथं पुन्हा खालिद जमील यांच्याकडे या. मुंबई सोडल्यावर ते ऐझॉल एफसीला गेले. हा संघ आदल्या हंगामात रेलिगेट झाला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला आय-लीगमध्ये परत घेतलं गेलं. जमील यांना पूर्ण हंगाम मिळाला. आशुतोष मेहता, जयेश राणे असे मुंबई एफसीकडून खेळलेले गडीही संघात होते. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँग लाजाँगशी १-१ बरोबरी करून ऐझॉल आय-लीग चॅम्पियन झाला. ३७ पॉइंट, मोहन बागानपेक्षा एक जास्त. आणि त्याच वर्षी जमील यांचा जुना संघ तळाला.

हा पुरावा आहे का? नाही, हाही एकच प्लॉट आहे, रेप्लिकेशन नाही. पण 'कोचनं फरक पडत नाही' हे वाक्य मुंबईच्या चाहत्यासमोर म्हणायच्या आधी पेपरचं शीर्षक पुन्हा वाचावं. त्यात 'इन-सीझन' हा शब्द उगीच आलेला नाही.

मग चाहत्यानं करायचं काय?

२०१४ मध्ये सुरू झालेल्या आयएसएलमध्ये कितीतरी वर्षं रेलिगेशनच नव्हतं, त्यामुळे आपल्याकडे ही भीती आता बहुतेक परदेशी संघांच्या नावानं उसनी घेतली जाते. पण सवय तीच. म्हणून पुढच्या वेळी शेजारच्या संघानं नवा माणूस आणला की आधी त्याचं नाव बघू नका. पुढचे सहा सामने कुणाशी आहेत ते बघा. जखमी खेळाडूंपैकी कोण परत येतंय ते बघा. मागच्या दहा सामन्यांत ते खरंच वाईट खेळले की त्यांना फक्त मोठे संघ लागले, ते तपासा. एवढ्यावर भीती राहिली तर ती रास्त आहे.

आणि आपल्या मालकानंही कोच काढावा असं वाटत असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. काढलेल्या माणसाची नोकरी जाते आणि त्याच्या नावावर अपयश चिकटतं. पुढे आलेल्या चांगल्या निकालांत त्यानं केलेल्या कामाचा वाटा किती होता, हे कुणी मोजत नाही. टॉनिकच्या बाटलीचे पैसे निदान शेतकऱ्याच्या हिशेबाच्या वहीत तरी दिसतात.