तयार उत्तराची किंमत

पेनड्राइव्ह फॉरमॅट करताना ‘अलोकेशन युनिट साइझ’चा रकाना समोर येतो. ‘तिथे हात लावू नका’ असे विद्यार्थ्यांना सांगून आपण मोकळे होतो. सल्ला सोयीचा आहे. पण त्यामागचे कारण न सांगणे खटकते.

बजाजनगरातल्या एखाद्या सुट्या भागांच्या गोदामाची कल्पना करा. एका खोक्यात एकाच प्रकारचा माल, असा नियम असेल तर दोन स्क्रूंसाठीही अख्खे खोके अडते. ड्राइव्हवरही तसेच घडते. 64 गिगाबाइटच्या ड्राइव्हवर एक्सफॅट पद्धतीत विंडोज आपण होऊन 128 किलोबाइटचे खोके निवडते. त्यात एकेका किलोबाइटच्या 1 लाख फाइली ठेवल्या, तर मजकूर 100 मेगाबाइटच्या आसपास, जागा मात्र 12 गिगाबाइटहून अधिक! 4 किलोबाइटच्या खोक्यांत हेच काम सुमारे 400 मेगाबाइटमध्ये भागते.

मग खोके लहानच घ्यावे का? तसेही नाही. 1 गिगाबाइटच्या चित्रफितीला अशी अडीच लाखांहून अधिक खोकी लागतील आणि त्यांचा हिशेब वाढेल.

वर्गात एका छोट्या फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’ उघडून ‘साइझ’ आणि ‘साइझ ऑन डिस्क’ हे दोन आकडे दाखवा. फरक कुठून आला, हे मुलांनाच शोधू द्या.