मुदत २०१८ ची, भूकंप २००३ चा

जुन्या इमारतींच्या रेट्रोफिटिंगवरच्या पेपरमध्ये ‘नियमांचं पालन: होय’ असा कॉलम दिसला की जरा थांबा. मीही तो कॉलम म्हणजे सुरक्षिततेचं माप धरायचो. मग पासो रोबल्सची केस वाचली.

हे कॅलिफोर्नियातलं छोटं शहर. तिथली १८९२ ची एकॉर्न बिल्डिंग: वर घड्याळाचा मनोरा, खाली दुकानं, वीटकामात सळ्या नाहीत. अशा इमारतीत भिंती छताला आणि मजल्यांना नीट बांधलेल्या नसतात, त्यामुळे हादऱ्यात भिंत सुटते आणि बाहेर, थेट फुटपाथवर पडते. पोलादी अँकर बोल्टने ती जखडणं हा पहिला उपाय. २२ डिसेंबर २००३ ला ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला. दुकानातून बाहेर पळालेल्या दोन महिला ढिगाऱ्याखाली मेल्या. त्याच शहरातल्या आधी मजबूत केलेल्या वीटकामाच्या इमारती टिकल्या. एकॉर्नचं काम झालंच नव्हतं, कारण मालकाला २०१८ पर्यंत मुदत होती. म्हणजे त्या दिवशी ती कागदावर नियमात बसत होती!

२०१० मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की मुदत शिल्लक होती म्हणून मालकाची निष्काळजीपणाची जबाबदारी टळत नाही. कोर्टाला हा फरक कळला. आपल्या एक्सेल शीटमध्ये तो अजून नसतो.

तेव्हा डेटा गोळा करताना ‘मुदत शिल्लक’ आणि ‘काम झालं’ हे कॉलम वेगळे ठेवा. आणि ‘काम झालं’ म्हणजे बोल्ट फक्त गच्चीच्या कठड्याला की प्रत्येक मजल्याला, तेही विचारा.