‘सामना’तील हसू : कृष्णविनोद आणि कोल्हापूरचा प्रेक्षक

जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सामना’ १९७५ साली बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धा-विभागात दाखविला गेला. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला लाभला. तेव्हापासून त्याचे विवेचन प्रामुख्याने सत्ता आणि सदसद्विवेक यांच्या द्वंद्वाच्या अंगाने होत आले आहे. विजय तेंडुलकरांच्या पटकथेतील कृष्णविनोद त्यात दुय्यम ठरतो. वस्तुतः हा विनोद आशयाचे अलंकरण नसून तोच आशयाची रचना करतो. कोल्हापूरच्या प्रेक्षकाच्या संदर्भात ही गोष्ट विशेष स्पष्ट होते.

या प्रेक्षकाची अभिरुची तमाशापटाने घडविली आहे. मूळचे कोल्हापूरचे असलेल्या अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ने (१९५९) हा प्रकार दृढ केला, त्यांच्याच ‘एक गाव बारा भानगडी’तून (१९६८) निळू फुले पडद्यावर आले. गावचा इरसाल पुढारी बघून शिव्या हासडायच्या आणि हसायचेही, हा त्या प्रेक्षकाचा सराव. निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे-पाटील हा सराव गृहीत धरूनच अवतरतो. शिवाय, साखर कारखाना हे बर्लिनच्या प्रेक्षकाला कदाचित सत्तेचे रूपक वाटेल; गळीत हंगाम आणि उसाचे बिल यांवर ज्याचे वर्ष बेतलेले असते, त्याला ते रूपक वाटण्याचे कारण नाही.

डॉ. श्रीराम लागू यांचा दारुडा मास्तर हिंदुरावाचा पाहुणा होतो. यजमानाचीच दारू पिऊन तो मारुती कांबळेचे काय झाले, हे विचारीत राहतो. आरंभी ही दारुड्याची बरळ वाटते आणि प्रेक्षक हसतो; परंतु हे हसू हिंदुरावाच्या बैठकीत बसून हसलेले असते. प्रश्न तोच राहतो, ऐकणाऱ्याची स्थिती मात्र पालटते. ज्या क्षणी हसू थांबते त्या क्षणी आपणही या पाहुणचारात वाटेकरी होतो, हे प्रेक्षकाच्या ध्यानी येते. आरती प्रभू आणि कोल्हापूरचे जगदीश खेबुडकर या दोघांची गीते एकाच चित्रपटात यावीत, हेही अर्थपूर्ण आहे. रंजनाची परंपरा येथे नाकारलेली नाही. तिलाच साक्षीला उभे केले आहे.

तथापि या रचनेची एक मर्यादा नोंदवावी लागते. मोहन आगाशे यांचा मारुती कांबळे प्रामुख्याने इतरांच्या स्मरणातून आकारतो. प्रश्न विचारण्याची प्रतिष्ठा मास्तराला मिळते, तर प्रश्नापुढे नमण्याची भव्यता हिंदुरावाला. ज्याच्याविषयी प्रश्न आहे, त्याच्या वाट्याला केवळ नाव येते. ‘कांबळे’ या आडनावातून सूचित होणारे सामाजिक स्थान लक्षात घेता ही विभागणी निरुपद्रवी म्हणता येत नाही. कृष्णविनोद प्रेक्षकाला त्याच्या सहभागाची जाणीव करून देतो; मृताला वाचा देणे मात्र त्याच्या आवाक्यात राहत नाही. ‘सामना’चे सामर्थ्य आणि त्याचे अपुरेपण, दोन्ही या एकाच ठिकाणी आहेत.