चार तंतू आणि तांब्याची तार

ट्राउट मासे धरायला नुकत्याच लागलेल्या माणसाची डबी उघडून बघावी. लाल, केशरी, चंदेरी, झिरमिळ्यांच्या माश्या, म्हणजे गळावर बांधलेले नकली किडे. जत्रेतलं बांगड्यांचं दुकानच. माझीही तशीच होती. त्या माश्या मला आवडल्या होत्या, माशांना नव्हे. इथेच माशी शिंकली. कोपऱ्यात एक तपकिरी, किरटी वस्तू पडून होती. तिचं नाव फेझंट टेल निंफ. नवशिक्याने एकच माशी घ्यायची तर हीच घ्यावी, असं आता मी बेधडक सांगतो.

निंफ म्हणजे पाण्यातल्या किड्याचं पिल्लू, आणि जलपरीसुद्धा. प्रत्यक्षात ही दिसते जळून विझलेल्या काडीच्या टोकासारखी. ती पहिल्यांदा बांधणारा फ्रँक सॉयर हा इंग्लंडमधल्या विल्टशरच्या एव्हन नदीचा राखणदार. खडूच्या थरांतून झिरपून आलेलं तिथलं पाणी आरस्पानी. त्यात ट्राउट काय खातो हे काठावरून दिसतं. तो बराचसा पाण्याखालीच जेवतो. मेफ्लाय या किड्याची पिल्लं तळाच्या शेवाळात वाढतात आणि पंख फुटायची वेळ आली की वर निघतात. सॉयरने पाहिलं ते हे पिल्लू; माशी ही त्याचीच नक्कल.

आता माशी जवळून बघू. तिच्यात दोनच जिन्नस आहेत: फेझंट पक्ष्याच्या नराच्या शेपटीतल्या पिसाचे चारेक तंतू आणि केसाएवढी तांब्याची तार. दोरा नाहीच. तंतूंची टोकं मागे सुटी सोडली की शेपूट झालं. उरलेले तंतू तारेबरोबर पिळून गळावर गुंडाळले की अंग झालं, आणि डोक्याकडे तेच पुढे-मागे दुमडले की उमलू पाहणाऱ्या पंखांचं कुबड. तारच बांधते, तारच वजन देऊन बुडवते, आणि भिजलेल्या तंतूंआडून लालसर झळकतेही तीच. एका शब्दाकडून तीन अर्थ वसूल करणारा कवी आपण डोक्यावर घेतो. इथे ते एका तारेने केलंय.

पण मला सर्वांत आवडतं ते तिच्यात नसलेलं. हिला पाय नाहीत. पोहताना हे पिल्लू पाय अंगाशी घट्ट धरतं, हे सॉयरने पाहिलं होतं. मग पाय लावायचे कशाला? पुढे अमेरिकेत हिला पाय आले, मोरपिसाची छाती आली, सोनेरी मणीही आला. मासे त्यांनाही लागतात, तक्रार नाही. तरी मला ते लुगड्याला उगाच लावलेल्या टिकल्यांसारखं वाटतं.

चौदा किंवा सोळा नंबरची घ्यावी (नंबर वाढला की गळ लहान होतो, हा उलटा हिशेब आधी ध्यानात ठेवावा). प्रवाहात माशाच्या बरीच वरच्या बाजूला टाकावी, बुडू द्यावी, आणि ती त्याच्या तोंडाशी आली की काठीचं टोक अलगद उचलावं. माशी वर निघते. घास निसटतोय असं वाटून मासा झेपावतो.

सॉयरने हे सगळं 1958 च्या ‘निंफ्स अँड द ट्राउट’मध्ये मांडलं. त्याच एव्हनवर मासे धरणारा ऑलिव्हर काइट त्याच्याही पुढे गेला. त्याने तंतूसुद्धा काढून टाकले. उघडा गळ, छातीच्या जागी तांब्याच्या तारेचे काही वेढे, बस्स. ट्राउट त्यालाही लागले.