हुबेहूबपणाचा प्रश्न : कर्जत-खालापूर परिसर आणि हायपररिअ‍ॅलिस्ट शिल्पकला

माणसाचे शरीर त्वचेवरच्या रंध्रांपर्यंत, मनगटाच्या निळसर शिरांपर्यंत आणि भुवईतल्या एकेका केसापर्यंत हुबेहूब घडवणाऱ्या शिल्पपद्धतीला हायपररिअ‍ॅलिस्ट शिल्पकला म्हणतात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ड्युएन हॅन्सन (१९२५–१९९६) आणि जॉन डी अँड्रिया यांनी तिला स्वतंत्र रूप दिले. त्यांची रीत सांगायला सोपी असली, तरी ती अमलात आणणे कमालीच्या चिकाटीचे काम असते. जिवंत माणसाच्या अंगाला तेलकट लेप लावून त्यावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या बसवायच्या, त्या कडक झाल्या की कवच तुकड्यातुकड्यांनी उतरवून घ्यायचे आणि त्या साच्यात काचतंतूंनी बळकट केलेले पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे घट्ट होणारा कृत्रिम राळेसारखा पदार्थ, भरायचा. मग त्या अंगावर रंगाचे पातळ थर चढतात, केस रोवले जातात आणि वापरलेले जुने कपडे चढवले जातात. पुढच्या पिढीने रेझिनबरोबर सिलिकोनचाही वापर सुरू केला. सिलिकोनमध्ये प्रकाश किंचित आत शिरून परततो, त्यामुळे रंग पृष्ठभागावर न राहता कातडीच्या आत असल्यासारखा भासतो.

अशा शिल्पांचे प्रदर्शन एखाद्या शहरातल्या कलासंग्रहालयात भरते, तेव्हा प्रेक्षकाचे वागणे इतर दालनांतल्यापेक्षा वेगळे होते. तो मूर्तीपासून नेहमीचे अंतर राखत नाही; जवळ जातो, श्वास चालू आहे का ते नकळत पाहतो आणि मग जिवंत परक्या माणसाकडे टक लावून पाहिल्याप्रमाणे संकोचून मागे सरतो. हा संकोच हेच या कलेचे खरे द्रव्य आहे. जपानी यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७०मध्ये असे मांडले होते की, कृत्रिम आकृती माणसाच्या जवळ येत जाईल तसतशी ती आपलीशी वाटत जाते, पण अगदी शेवटच्या टप्प्यावर, साम्य जवळजवळ पूर्ण झाले असताना, अचानक अस्वस्थता दाटते. मेणाचे पुतळे त्या अस्वस्थतेत अडकून पडतात. चांगला हायपररिअ‍ॅलिस्ट शिल्पकार मात्र ती ओलांडून प्रेक्षकाला एका माणसाच्या थकव्यापर्यंत, म्हातारपणापर्यंत किंवा एकटेपणापर्यंत नेऊन पोहोचवतो. हॅन्सन यांनी कीर्तिवंतांचे पुतळे घडवले नाहीत. बाजारहाटाची गाडी ढकलणारी गृहिणी, सफाई करणारी स्त्री, गळ्यात कॅमेरा अडकवलेले पर्यटक हे त्यांचे विषय होते, आणि या माणसांच्या डोळ्यांत दिसणारा रिकामा शीण ही त्यांच्या कलेची सर्वात मोठी कमाई मानली पाहिजे.

या पद्धतीतले आजचे सर्वात समर्थ नाव ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रॉन म्युएक यांचे आहे. बाहुल्या आणि चित्रपटांसाठीच्या आकृत्या बनवण्याच्या धंद्यातून ते कलेकडे आले आणि त्यांनी या कलेला आकारमानाची नवी जाण दिली. लंडनच्या १९९७च्या प्रसिद्ध प्रदर्शनात मांडलेले त्यांच्या मृत वडिलांचे शिल्प जेमतेम १०२ सेंटिमीटर लांबीचे आहे, तर १९९९मध्ये घडवलेला उकिडवा बसलेला मुलगा सुमारे ५ मीटर उंच आहे. तपशील खरे, पण माप खोटे, या विसंगतीमुळे ही शिल्पे मेणाच्या पुतळ्यांच्या ओळीतून बाहेर पडतात. वडिलांचे शरीर लहान केल्यामुळे त्यांच्यापाशी उभा असलेला प्रेक्षक एकाएकी मोठा, म्हणजेच मागे उरलेला माणूस ठरतो.

महाराष्ट्रात या कलेकडे पाहण्यासाठी रायगड जिल्ह्याचा अंतर्भाग, कर्जत आणि खालापूर हे तालुके, ही विलक्षण सोयीची जागा आहे; कारण हुबेहूबपणाचे इतके वेगवेगळे उद्योग एकाच टप्प्यात क्वचितच सापडतात. खालापूरला लागून असलेल्या पेण तालुक्यात गणेशमूर्तींचे कारखाने वर्षभर चालतात आणि डोळ्यांच्या आखणीचे काम तिथे सर्वात कसबी हातांकडेच सोपवले जाते. खोपोलीहून बोरघाट चढला की लोणावळ्यात मेणाच्या पुतळ्यांची संग्रहालये आहेत. चौकजवळ नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५मध्ये उभारलेला एन. डी. स्टुडिओ आहे, त्याच खालापूर तालुक्यात २०१३पासून इमॅजिका हे मनोरंजन उद्यान चालते. आणि कर्जत किंवा खोपोलीहून निघणारी लोकल भायखळ्याला थांबते, जिथे मुंबईचे सर्वात जुने संग्रहालय आहे.

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाकडे या विषयाच्या संदर्भात सहसा कोणी पाहत नाही, पण हायपररिअ‍ॅलिस्ट शिल्पांची पूर्वपीठिका मराठी मुलखात शोधायची तर ती तिथेच सापडते. १८७२मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने लोकांसाठी खुल्या झालेल्या आणि १९७५मध्ये भाऊ दाजींचे नाव मिळालेल्या या वास्तूत, मुंबईतल्या जातीजमातींच्या, धंद्यांच्या आणि पेहरावांच्या छोट्या रंगीत मूर्तींचा मोठा संग्रह आहे. पगडीचा पीळ, धोतराचा काचा, लुगड्याची नेसण, दागिन्यांची जागा, हातातले अवजार या सगळ्यांत या मूर्ती इतक्या नेमक्या आहेत की वेशभूषेच्या अभ्यासकाला छायाचित्रापेक्षा त्यांचा आधार अधिक वाटावा. संग्रहालयाचे एक अभिरक्षक सेसिल बर्न्स हे जे. जे. कलाशाळेचेही प्राचार्य होते, त्यामुळे कलाशाळेतले कौशल्य आणि संग्रहालयाची गरज यांचे नाते इथे सरळ दिसते.

तरीही या मूर्तींत एक मूलभूत उणीव आहे आणि ती कारागिरीची नाही. त्या माणसांच्या नाहीत, नमुन्यांच्या आहेत. वसाहतीच्या सरकारला प्रजेची वर्गवारी हवी होती. म्हणून कोळी, भंडारी, वाणी, पारशी अशी प्रत्येक आकृती एका समूहाची प्रतिनिधी म्हणून उभी केली गेली आणि खालच्या पाटीवर माणसाच्या नावाऐवजी समूहाचे नाव आले. वस्त्र खरे, अवजार खरे, पण चेहरा कुणाचाच नाही. हॅन्सन यांच्या शिल्पांतही ही ओढ पूर्णपणे सुटलेली नाही, कारण त्यांचे पर्यटक एका वर्गाचे व्यंगचित्र होण्याच्या काठावर उभे असतात. परंतु त्यांनी साचे खऱ्या शरीरांवरून घेतल्यामुळे त्या शरीरांचा हट्ट, म्हणजे एखाद्याचे सुजलेले घोटे किंवा दुसऱ्याचे वाकलेले खांदे, नमुन्याची चौकट पुन्हा पुन्हा मोडून टाकतो.

मराठी शिल्पकारांनी ही चौकट मोडण्याचा प्रयत्न फार आधी केला होता. गणपतराव म्हात्रे यांनी जे. जे.मध्ये शिकत असताना १८९६मध्ये प्लास्टरमध्ये घडवलेली ‘मंदिरपथगामिनी’ ही युरोपीय शरीररचनेचे शिक्षण आणि नऊवारी लुगड्याच्या चुण्या यांचा पहिला यशस्वी मेळ होय. त्यापेक्षाही या लेखाच्या विषयाशी जवळचे काम रायगड जिल्ह्याच्याच अलिबाग तालुक्यात, सासवण्याला आहे. विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांनी १९२८मध्ये पुण्यातील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडवून कीर्ती मिळवली, पण आपल्या गावच्या घरात त्यांनी ज्यांच्या मूर्ती केल्या ती माणसे राजे नव्हती. कोळी तरुणीची ‘मत्स्यगंधा’, गावातली माणसे आणि अंगणात बसलेली सिमेंट काँक्रीटची म्हैस, या कामांत संगमरवराचा थाट नाही. ती म्हैस पाहताना लक्षात येते की जनावराच्या बसण्यातले वजन, कातडीखालचा बरगड्यांचा अंदाज आणि मानेचा कंटाळलेला कल हे रंग किंवा केस न लावताही हुबेहूब उतरू शकतात. हायपररिअ‍ॅलिस्ट पद्धतीतल्या पुष्कळशा साधनसामग्रीची गरज उत्तम शिल्पकाराला पडत नाही, असे या एका मूर्तीवरून निर्धास्तपणे म्हणता येईल.

वास्तववादाची लोकमानसावरची पकड किती घट्ट आहे हे पाहायचे तर शिर्डीला जावे लागते. बाळाजी वसंत तालीम यांनी छायाचित्राच्या आधारे संगमरवरात घडवलेली साईबाबांची मूर्ती १९५४च्या विजयादशमीला तिथे बसवली गेली, आणि एका पायावर दुसरा पाय टाकून बसलेल्या त्या वृद्धाच्या बैठकीतली सहजता आज कोट्यवधी लोकांच्या डोळ्यांत ठसली आहे. भाविक तिथे दगड पाहत नाहीत, समोर बसलेली व्यक्ती पाहतात. समीक्षकांनी मात्र या यशाची दखल फारशी घेतली नाही. १९४७मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपनंतर आधुनिकतेची जी हवा आली तिच्यात हुबेहूबपणा हा कॅलेंडरवरच्या चित्रांचा गुण ठरला, आणि वास्तववादी शिल्पकाराला उपजीविकेसाठी चौकातल्या पुतळ्यांचाच आधार उरला. सदाशिव साठे यांचा १९६१मध्ये गेटवे ऑफ इंडियासमोर उभा राहिलेला अश्वारूढ शिवपुतळा किंवा राम सुतार यांच्या कल्पनेतून २०१८मध्ये साकारलेला सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा ही या मार्गावरची मोठी कामे आहेत. तिथे आकार वाढतो तो आदर दाखवण्यासाठी. म्युएक यांच्याकडे आकार बदलतो तो पाहणाऱ्याला हलवण्यासाठी, आणि आपल्याकडच्या शिल्पशिक्षणात हा दुसरा उपयोग जवळजवळ शिकवलाच जात नाही, हे मोठे नुकसान आहे.

मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयांनी हुबेहूबपणाची लोकांची हौस भागवली, पण ती एका अटीवर: पुतळा आधीच ओळखीचा असला पाहिजे. नेता, अभिनेता, क्रिकेटपटू यांच्या शेजारी उभे राहून छायाचित्र काढणे हा तिथला मुख्य विधी असतो, त्यामुळे पाहणे काही क्षणांत संपते. ओळख पटली की नजर पुढे सरकते. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावरील सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयाने याच्या उलट वाट धरली. तिथे बारा बलुतेदार, शेतकरी, घरकाम करणाऱ्या बाया यांच्या माणसाएवढ्या सिमेंटच्या मूर्ती उघड्यावर आणि घरांत मांडल्या आहेत, आणि शहरातून आलेली कुटुंबे त्यांच्यापुढे बराच वेळ रेंगाळतात. सामान्य माणसाला पुतळ्याचा मान देणारे इतके मोठे काम महाराष्ट्रात दुसरे नाही. मात्र तिथले गाव तंट्याविना, भुकेविना, स्वयंपूर्ण असे कल्पिलेले आहे, आणि जिथे कुणालाही शीण आलेला नाही तिथे हायपररिअ‍ॅलिझमला ज्या सत्याची आस असते ते सत्य अर्धेच सापडते.

चौकच्या स्टुडिओतला हुबेहूबपणा वेगळ्या जातीचा आहे. ‘जोधा अकबर’ या २००८च्या चित्रपटासाठी तिथे मोगल किल्ल्याची जी भव्य रचना उभी राहिली ती लाकडी सांगाडा, प्लायवूड, प्लास्टर आणि रंग यांची होती. लाल दगडाचा पोत ब्रशाने आणला जातो, कोरीवकाम साच्यातून निघते आणि कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरची बाजू अनेकदा उघडीच राहते. कॅमेरा एका जागेवरून पाहतो. संग्रहालयातला प्रेक्षक भोवती फिरतो. म्हणून सेटवरचे काम शिल्प म्हणून तोकडे पडते, पण ते करणाऱ्या मोल्डर, सुतार आणि पेंटर मंडळींचे कसब तोकडे नाही. साचा घेणे, रेझिन ओतणे, पृष्ठभागाला वय देणे या कामांत त्यांचा हात बसलेला असतो, आणि हायपररिअ‍ॅलिस्ट शिल्पकाराला नेमके हेच कसब लागते. म्युएक याच धंद्यातून आले, हे इथे विसरून चालणार नाही. खालापूरच्या या कारागिरांना संग्रहालयांचे दार उघडलेले नाही, याचे कारण कलाशाळा आणि सेट यांच्यामध्ये आपण उभी केलेली प्रतिष्ठेची भिंत आहे.

या भागात नकलेची परंपरा सेटपेक्षा दोन हजार वर्षांनी जुनी आहे. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात असलेल्या कोंढाणे लेण्यांत चैत्यगृहाचा दर्शनी भाग कोरताना कारागिरांनी बेसॉल्टमध्ये लाकडी वेदिका, तुळया आणि गवाक्षे हुबेहूब उतरवली. दगडाला अशा सांध्यांची गरज नसते. तरी लाकूडकामातला प्रत्येक जोड त्यांनी खोदून दाखवला. त्याच दर्शनी भागाजवळ एका मोठ्या भग्न मूर्तीचे मस्तक आहे आणि त्याजवळचा ब्राह्मी लेख सांगतो की, ते काम कण्हाचा शिष्य बलक याने केले. प्राचीन महाराष्ट्रात गुरूच्या नावासह स्वतःचे नाव दगडावर ठेवणारा शिल्पी दुर्मीळच.

कर्जत-खालापूरमध्ये आज कोणाची मूर्ती घडवावी, या प्रश्नाचे उत्तर अवघड नाही. पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जाणारी कातकरी कुटुंबे, भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात आवण लावणाऱ्या बाया, पहाटेच्या लोकलने मुंबई गाठणारा कर्मचारी, खोपोलीच्या कारखान्यातला पाळीवाला यांच्या शरीरांवर कामाने केलेल्या खुणा हॅन्सन यांच्या कोणत्याही विषयाइतक्याच बोलक्या आहेत. अवघड आहे ती रीत. कातकरी माणसाची आकृती आणखी एकदा ‘आदिवासी’ अशा पाटीखाली उभी राहिली, तर भायखळ्याच्या काचेच्या कपाटातली चूक शंभराहून अधिक वर्षांनी मोठ्या मापात पुन्हा घडेल. साचा घेण्याआधी त्या माणसाची संमती, अंगावर प्लास्टर चढवून घेऊन तासन्‌तास स्थिर राहण्याच्या कष्टांचा मोबदला, कोणते कपडे आणि कोणती बैठक हे ठरवण्यात त्याचा वाटा, आणि प्रदर्शनाच्या पाटीवर शिल्पकाराच्या नावाबरोबर, त्याची इच्छा असल्यास, त्याचेही पूर्ण नाव, एवढ्या गोष्टी पाळल्या गेल्या तरच ते शिल्प नमुना न राहता व्यक्तिचित्र होईल. कोकणातल्या दमट हवेत सिलिकोन आणि रंग किती टिकतील हा वेगळा, तांत्रिक प्रश्न आहे. करमरकरांनी सासवण्यात सिमेंट निवडले होते, आणि रायगडच्या पावसात उघड्यावर ठेवायच्या मूर्तीसाठी आजही आधी त्याचाच विचार करावा लागेल.