एका नर्तकीचें आत्मकथन

कांहीं महिन्यांपूर्वीं सिल्लोड येथील एका स्नेह्यांच्या कपाटांतून आम्हीं एक पुस्तक वाचावयास मागून आणलें. त्यावर वर्तमानपत्राच्या कागदाचें वेष्टण होतें. पुस्तक मळूं नये म्हणून तें घातलें असेल असें आम्हांस वाटलें. परंतु त्याच कपाटांतील बाकीचीं पुस्तकें उघडीं होतीं. घरीं आल्यावर वेष्टण उलगडून पाहिलें, तों आंत 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' हें नांव दिसलें. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनीं सांगितलेलें व वैशाली रोडे यांनीं शब्दांकित केलेलें हें आत्मकथन मनोविकास प्रकाशनानें २०१२ सालीं प्रसिद्ध केलें. २०१५ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतरही निघालें. म्हणजे पुस्तक नवें नाहीं. तरीही ज्या पुस्तकाला सुशिक्षितांच्या घरांत इतक्या वर्षांनींही तोंड झांकून राहावें लागतें, त्याचा परामर्श उशिरां कां होईना घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. मराठी क्रियापद मोठें चौकस आहे. 'गेलों' कीं 'गेलें' हें विचारून घेतल्यावांचून तें बोलणाराला पुढें पाऊल टाकूं देत नाहीं. इंग्रजीला ही चौकशी ठाऊक नाहीं. या पुस्तकाच्या नांवांत 'मी' दोनदां आला आहे आणि क्रियापद एकदांही नाहीं. 'हिजडा' हा शब्द पुल्लिंगी, 'लक्ष्मी' हें नांव स्त्रीलिंगी, आणि दोहोंच्या मध्यें केवळ एक स्वल्पविराम. हें जाणून केलें असो वा सहज घडलें असो, सबंध पुस्तकाचा विषय त्या चार शब्दांत सांठला आहे. आम्ही लेखिकेचा उल्लेख 'लक्ष्मीबाई' असा करणार आहों. ज्यांस तो खटकेल त्यांनीं पुस्तक वाचून मग तक्रार करावी.

कथानक थोडक्यांत असें. ठाण्यांत स्थायिक झालेल्या, मूळच्या उत्तर प्रदेशांतील एका सनातनी ब्राह्मण कुटुंबांत ज्येष्ठ मुलगा म्हणून जन्म. लहानपणीं दम्याचा विकार. नाचाची विलक्षण ओढ. त्या ओढीपायीं वाट्याला आलेली हेटाळणी. आणि कोवळ्या वयांत झालेले लैंगिक अत्याचार. पुढें माटुंग्याच्या एका उद्यानांत अशोक राव कवी यांची गांठ पडते. 'बॉम्बे दोस्त' हें नियतकालिक १९९० सालीं काढणारे व पुढें 'हमसफर ट्रस्ट' उभारणारे ते हेच गृहस्थ. भांबावलेल्या त्या मुलाला, तुझ्यांत कांहीं विकृति नाहीं, तूं आपला अभ्यास कर, असा धीर त्यांनीं दिला. नंतर मिठीबाई महाविद्यालय, भरतनाट्यम्, नृत्याचे वर्ग, बारमधील नाच, आणि शेवटीं लता गुरूंचें चेलेपण पत्करून हिजडा समाजांत प्रवेश.

यांतील बालपणाचा भाग आम्हांस सर्वांत सरस वाटला. सांगणारी येथें रडत नाहीं, वाचकालाही रडवूं पाहत नाहीं. श्वास अपुरा पडणारें पोर नाचावयास उभें राहिलें कीं जणूं निराळेंच होतें, हें पुस्तकांत इतक्या सहजपणें येतें कीं वाचतांना आपलाच श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. नाच हा या कथेचा प्राण आहे. बाकीचें सारें त्याच्या मागून आलें आहे. दुर्दैवानें आमच्या समाजाला हा नाच रंगमंचावर हवा असतो, उंबरठ्याच्या आंत नको असतो. बालगंधर्वांच्या लुगड्यांची नक्कल आमच्या आज्यांनीं केली. आनंद यादवांच्या 'नटरंग'मधील नाच्याची शोकांतिका २०१० सालीं पडद्यावर आली तेव्हां आम्ही सहकुटुंब ती पाहून आलों. पडदा पडला कीं पुरुषानें लुगडें फेडून घरीं यावें, एवढीच आमची अट. लक्ष्मीबाईंनीं ती मोडली.

नाचणाऱ्या पोराला घर कोणतें, हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नव्हे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत, आईबापांनीं दाराबाहेर काढलेल्या कृष्णवर्णीय व लॅटिनवंशीय तरुणांनीं गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत आपलीं निराळीं कुटुंबें उभीं केलीं. त्यांस ते 'हाऊस' म्हणत. प्रत्येक हाऊसला एक 'मदर' असे, आणि रात्र रात्र चालणाऱ्या 'बॉल' नांवाच्या सामन्यांत हीं घराणीं नृत्यानें व वेषानें एकमेकांशीं झुंजत. 'पॅरिस इज बर्निंग' या १९९० सालच्या माहितीपटामुळें हें जग बाहेरच्यांस दिसलें. त्यांतील विली निंजा हा 'व्होग' नृत्याचा थोर आचार्य. एड्सनें त्या घराण्यांची चाळण चालविली तेव्हां सामन्यांच्या त्याच मंडपांत रोगप्रतिबंधाचा शब्द काढणारांत तो होता. आणि २००६ च्या सप्टेंबरांत, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षीं, एड्सशीं संबंधित हृदयविकारानेंच तो गेला. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें टोरंटोला जागतिक एड्स परिषद भरली होती, आणि तेथें गेलेल्यांत ठाण्याच्या लक्ष्मीबाई होत्या. दोघांची भेट झाल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. परंतु एकाच व्यवसायांतलीं हीं दोन माणसें एकाच कामाला लागलीं होतीं.

हार्लेमच्या 'मदर'च्या जागीं आपल्याकडे गुरू आहे. मुंबईंत हिजड्यांचीं सात घराणीं सांगतात. गुरू, चेला, नातचेला अशी त्यांची वंशावळ चालते. गुरूचा शब्द ही आज्ञा. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवरील फलक जेथें पोंचत नाहीं, तेथें गुरूचें एक वाक्य पोंचतें. पण हीच व्यवस्था आडवीही येऊं शकते. चेल्याच्या कमाईवर डेरा चालतो. ती कमाई मंगतीची असो, बधाईची असो वा देहविक्रयाची. अशा ठिकाणीं निरोधाची गोष्ट काढणें म्हणजे पोटावर पाय देणें, आणि रक्ताची तपासणी करावयास सांगणें म्हणजे एखाद्या चेल्याला आपलें उरलेंसुरलें घरही पणाला लावावयास सांगणें. भारतांत हा विषाणू १९८६ सालीं चेन्नई येथें प्रथम आढळला. त्यावरील औषधें सरकारनें विनामूल्य देण्यास आरंभ केला तो २००४ च्या एप्रिलमध्यें. मधल्या अठरा वर्षांत ज्यांस बाधा झाल्याचें कळलें, त्यांपैकीं गरिबांच्या हातीं भयापलीकडे फारसें कांहीं पडत नव्हतें. २०१७ च्या सरकारी पाहणींतही तृतीयपंथीयांत बाधेचें प्रमाण शेंकडा तीनहून अधिक निघालें. सर्वसाधारण प्रौढांत तें शेंकडा पाव देखील नव्हतें. आज नियमित औषध घेऊन रक्तांतील विषाणू मोजमापाच्या खालीं गेलेल्या माणसाकडून समागमानें दुसऱ्यास बाधा होत नाहीं, इतकें शास्त्र पुढें गेलें आहे. आणि रोग्याला नोकरींतून वा शाळेंतून काढणें २०१७ च्या कायद्यानें गुन्ह्यासारखेंच निषिद्ध ठरविलें आहे. भय मात्र शास्त्राच्या मागें मैलभर रेंगाळत आहे.

या अडचणींतून लक्ष्मीबाईंनीं वाट काढली. 'दाई वेल्फेअर सोसायटी' या हिजड्यांच्याच संस्थेचें अध्यक्षपद त्यांनीं २००२ मध्यें स्वीकारलें. २००७ मध्यें 'अस्तित्व' ही स्वतःची संस्था काढली. आणि येथेंच आमचें पुस्तकाशीं भांडण आहे. हट्टी गुरूंस त्यांनीं कसें वळविलें? पहिली चेला तपासणीला गेली तेव्हां डेऱ्यांत काय बोलणें झालें? दवाखान्यांत तिला पुरुषांच्या रांगेंत उभें केलें कीं बायकांच्या? या प्रश्नांस पुस्तक धांवतें उत्तर देतें, आणि परिषदा, विमानप्रवास, व्यासपीठें, साड्या व टाळ्या यांजवर मात्र मनसोक्त रेंगाळतें. २००८ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहापर्यंत जाणें ही लहान गोष्ट नव्हे, तिचा अभिमान असावाच. परंतु आम्हांस त्या सभागृहापेक्षां डेऱ्यांतील ओसरी पाहावयाची होती. ए. रेवती यांचें २०१० मध्यें इंग्रजींत प्रसिद्ध झालेलें आत्मचरित्र या बाबतींत अधिक कसदार आहे. तेथें झगमगाट नाहीं, पण भूक, मार आणि पोलिसठाणें यांचा तपशील चुकत नाहीं.

शब्दांकनाच्या पद्धतीचाही यांत दोष असावा. हंसा वाडकरांचें 'सांगत्ये ऐका' अरुण साधू यांनीं शब्दबद्ध केलें, तेव्हां सांगणारीचा खोल आवाज आणि तिचे अवघड थांबे दोन्ही टिकले. वैशाली रोडे यांनीं आवाज उत्तम पकडला आहे. बोली जिवंत आहे, वाक्य कोठेंही पुस्तकी होत नाहीं. थांबे मात्र सुटले. लक्ष्मीबाई बोलतच राहतात, आणि जेथें त्यांस एखादा उलट प्रश्न विचारावयास हवा होता तेथें लेखणी नुसती मान डोलावते. आत्मप्रौढीचा आरोप आम्ही करीत नाहीं. ज्याला जन्मभर दुसऱ्यांनीं खालीं पाहावयास लावलें, त्यानें आपल्या रूपाची चार वेळां स्तुति केली तर कोणाचें काय गेलें? पुस्तकानंतर २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्या खटल्यांत त्याही होत्या. पुढें किन्नर आखाडा झाला, आणि त्यांच्या कित्येक भूमिकांवरून त्यांच्याच समाजांत कडाक्याचे मतभेद झाले. तो या पुस्तकाचा विषय नव्हे.

पुस्तकांतील एक व्यक्ति मात्र आमच्या मनांतून जात नाहीं, ती म्हणजे लक्ष्मीबाईंचे वडील. मुलगा हिजडा झाल्याचें उघड झाल्यावर, त्याला घराबाहेर कां काढलें नाहीं असें लोकांनीं विचारलें. तेव्हां त्या जुन्या वळणाच्या गृहस्थांनीं, तें माझें मूल आहे, मी त्याला कां टाकूं, अशा आशयाचें उत्तर दिलें. लक्ष्मीबाई चेला झाल्या, तरी ठाण्याचें घर त्यांस बंद झालें नाहीं. डेऱ्यांत राहावें कीं घरीं जावें, हें ठरविण्याची मुभा त्यांच्यापाशीं राहिली. आमच्या मतें त्यांच्या पुढील धिटाईचें मूळ येथें आहे. ज्याला परतावयास दार आहे तो नको त्या गिऱ्हाइकाला नाहीं म्हणूं शकतो, आणि दवाखान्याची पायरीही चढूं शकतो.

हें लिहितांना आम्हांस सुमारें वीस वर्षांपूर्वींचा एक विद्यार्थी आठवतो. स्नेहसंमेलनांत त्यानें लावणी केली. इतकी नेटकी लावणी आम्हीं त्यापूर्वीं पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशीं वर्गांतील फळ्यावर त्याच्याविषयीं एक घाणेरडा शब्द लिहिलेला होता. आम्हीं तो पुसला आणि वर्डस्वर्थ शिकवावयास आरंभ केला. कोणी लिहिला हें विचारलें नाहीं, मागच्या बांकावर खालीं मान घालून बसलेल्या त्या मुलाकडे पाहिलेंही नाहीं. दुसऱ्या सत्रांत तो आला नाहीं. आठवडी बाजाराच्या दिवशीं टाळी वाजवीत दुकानांपुढून जाणाऱ्या मंडळींत त्याचा चेहरा तर नाहीं ना, असा धसका आम्हांस पुढें कित्येक दिवस वाटे. आम्ही त्या वेळीं रस्ता बदलून जात असूं.

पुस्तकाची छपाई स्वच्छ आहे. पुढील आवृत्तींत 'रीत', 'नायक', 'डेरा', 'मंगती' अशा शब्दांचा छोटा कोश शेवटीं जोडला तर आमच्यासारख्या बाहेरच्या वाचकांची सोय होईल. त्याहून मोठी अपेक्षा ही कीं, मुंबई–ठाण्याच्या डेऱ्यांत एड्सविरोधी काम प्रत्यक्ष कसें चाललें, यावर एक स्वतंत्र प्रकरण त्यांत घालावें. आणि तें एकट्या लक्ष्मीबाईंच्या तोंडून न घेतां, त्या काळीं तपासणीच्या रांगेंत उभ्या राहिलेल्या ज्या चेला आज हयात आहेत, त्यांना विचारून लिहावें.